टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं जेटिंग: ठाणे-नवी मुंबईच्या हवेत आकडे कसे बसवायचे

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा पितळी तुकडा. गाडीला योग्य आकड्याचे जेट बसवणं म्हणजे जेटिंग. मॅन्युअलमध्ये मेन जेट १७०, गाडीतही १७०. मे महिन्यात गाडी खणखणीत पळते आणि जानेवारीतल्या गार सकाळी सरळ पट्ट्यावर पिस्टन चिकटतो. मग चर्चा सुरू होते की ऑइल कमी पडलं. बहुतेक वेळा ऑइल मापात असतं. कमी पडलेलं असतं ते पेट्रोल.

यामागचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. बाहेरून आलेल्या मोटोक्रॉस गाड्यांचे मूळ आकडे ढोबळमानाने २० अंशांच्या आसपासची हवा आणि इथेनॉल नसलेलं किंवा अगदी थोडं असलेलं पेट्रोल धरून दिलेले असतात. आपल्या पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. ई२०चा आकडा साडेतेराच्या जवळ येतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यायला हवं: मूळ आकडा थोडं इथेनॉल धरून दिला असेल तर ६-७ टक्के, मुळीच नसेल तर ९ टक्क्यांच्या आसपास. केइहिन या कार्बोरेटर ब्रँडच्या मेन जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १७० म्हणजे १.७० मिमी. भोकाचं क्षेत्रफळ ६ टक्के वाढवायचं तर १७५ लागतो, ९ टक्के वाढवायचं तर १७८.

आता उलट बाजू. मे महिन्यात दुपारी ३५ अंश आणि खाडीचा दमटपणा. २० अंशांच्या तुलनेत ही हवा सुमारे ५ टक्के विरळ असते, शिवाय हवेतली वाफ आणखी ३-४ टक्के जागा अडवते. ऑक्सिजन कमी, म्हणून पेट्रोलही कमी लागतं. हवा विरळ झाली की कार्बोरेटर पेट्रोलही थोडं कमी ओढतो, साधारण अर्धी भरपाई तो स्वतःच करतो. उरलेली आपण जेटने करायची, ती एखाद-दुसरी पायरी (म्हणजे पुढच्या लहान आकड्याचा जेट) खाली. थोडक्यात, मेमध्ये इथेनॉलची चूक आणि उकाड्याची चूक एकमेकींना सांभाळून घेतात. जानेवारीत सकाळी १८ अंश आणि कोरडी हवा आली की उकाड्याची सूट संपते आणि इथेनॉलची तूट तेवढी उरते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे उष्णता जास्त आणि वंगणही कमी, दोन्ही एकदम.

जेटला हात लावण्याआधी

निम्म्या गाड्यांचं जेटिंग बिघडलेलं नसतंच. कुठून तरी हवा गळत असते, किंवा पेट्रोलची वाट तुंबलेली असते. चुकीच्या कारणावर जेट बदलत बसलात तर दोन दोष एकमेकांवर चढतात आणि मग कुणालाच काही कळेनासं होतं.

एअर फिल्टर धुवून, फिल्टर ऑइल लावून, पिळून बसवा. घाणेरडा किंवा पावसात भिजलेला फिल्टर गाडी रिच करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. पेट्रोल कमी पडलं तर ती लीन. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यातलं रबर वाकवून पाहा, तडे आतल्या बाजूने असतात. रीडच्या, म्हणजे इनटेकमधल्या एकेरी झडपेच्या, पाकळ्या उजेडासमोर धरा. फट दिसली किंवा टोक तुटलेलं असलं तर आधी ते काम करा. चोक पूर्ण बंद होतो का तेही बघा. अर्धवट उघडा राहिलेला चोक पायलट जेटचा (मूठ जवळपास बंद असताना पेट्रोल देणारा लहान जेट) दोष वाटतो.

गाडी कुठली आणि कितव्या हातातली याचा भरवसा नसेल तर लीक टेस्ट कराच. सायलेन्सर काढून सिलिंडरचं एक्झॉस्टचं तोंड आणि इनटेक रबरी बुचाने बंद करा, इंजिनात ६ पीएसआय दाब भरा आणि ६ मिनिटं थांबा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी लावून जागा शोधा. सिलिंडरखालचं पॅकिंग आणि मॅग्नेट बाजूचं क्रँक सील हे दोन नेहमीचे संशयित. मॅग्नेटकडचं सील गेलं की गाडी लीन होते आणि रेस सोडल्यावरही आरपीएम वरच लटकून राहतो. क्लच बाजूचं सील गेलं तर उलट चित्र दिसतं: गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो, प्लग ओला होतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. ही गाडी रिच नाही. तिला लहान जेट घालणं म्हणजे ताप आलेल्याला पंखा लावण्यासारखं.

मग कार्बोरेटर खोला. जेट उजेडाकडे धरून भोक गोल आणि स्वच्छ दिसतंय का बघा. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढंच वापरायचं. तार किंवा सुई कधीच घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की जेटवरचा आकडा खोटा ठरतो. फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरखालच्या वाटीत (बाउल) पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची, उंची मोजा. केइहिनच्या पीडब्ल्यूके मॉडेलमध्ये ती साधारण १६ मिमी असते, पण आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलचाच आकडा धरा. मोजताना कार्बोरेटर तिरका धरा, म्हणजे फ्लोटची पट्टी पिनच्या स्प्रिंगला नुसती टेकेल, दाबणार नाही. फ्लोट चुकीचा असेल तर सगळी सर्किटं एकदम हलतात आणि पुढची मेहनत पाण्यात जाते.

नवा प्लग घाला, मॅन्युअलमधल्याच नंबरचा. एनजीके ब्रँडच्या प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. ८ नंबरचा सतत काळा पडतो म्हणून ७चा घालणं हा उपाय नाही, जेटिंगचा दोष झाकून पिस्टन धोक्यात घालणं आहे.

पेट्रोल-ऑइलचं प्रमाण एकदा ठरवा आणि पुन्हा बदलू नका. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली, ३२:१ म्हणजे सुमारे ३१ मिली. ऑइल वाढवलं की मिश्रणात पेट्रोल किंचित कमी होतं, म्हणजे गाडी किंचित लीन होते. हा फरक एका जेट-पायरीपेक्षाही कमी असतो, पण चाचणीच्या मध्येच प्रमाण बदललं तर नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. मोजायला सिरिंज किंवा मापाचा ग्लास घ्या. बाटलीच्या झाकणाचं माप म्हणजे अंदाजपंचे.

ऐकायचं ते थ्रॉटलवर, आरपीएमवर नव्हे

कार्बोरेटरला गिअर कळत नाही, वेगही कळत नाही. त्याला कळतं ते स्लाइड (मुठीने वर-खाली होणारी आतली झडप) किती उघडली आहे एवढंच. म्हणून मुठीवर आणि तिच्या शेजारच्या हाउसिंगवर पांढरी टेप लावून खुणा करा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. गाडी अडखळली की आधी नजर खुणेवर जायला हवी. ‘वरच्या आरपीएमला मिस मारते’ हे वाक्य निदानाला निरुपयोगी आहे. ‘अर्ध्या थ्रॉटलला फडफडते’ हे उपयोगी.

बंद ते पाव थ्रॉटल हा पायलट जेट आणि एअर स्क्रूचा इलाका. आठव्या हिश्शापासून पावापर्यंत स्लाइडचा कापलेला भाग आणि नीडलची (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) जाडी दोन्ही बोलतात. पाव ते पाऊण हा भाग नीडलचा उतार आणि तिची उंची ठरवणारी क्लिप यांचा. पाऊणच्या पुढे मेन जेट. या सीमा रेषा मारल्यासारख्या नाहीत, एकात एक मिसळतात. स्लाइड मात्र तशीच राहू द्या. तिच्यावरचा आकडा जितका मोठा तितकी ती लीन करते, पण ती बदलण्याची वेळ मूळ कार्बोरेटर असलेल्या गाडीवर क्वचितच येते.

पॉकेटमध्ये जपानी मापाचा स्टार स्क्रू ड्रायव्हर असू द्या, साध्या फिलिप्सने बाउलचे स्क्रू हमखास चिरडतात. पीडब्ल्यूकेच्या बाउलखाली १७ मिमीचं बूच असतं. ते काढलं की ६ मिमीच्या पान्याने मेन जेट बाहेर येतो, कार्बोरेटर उतरवावा लागत नाही. आधी पेट्रोल कॉक बंद करा, खाली डबा धरा. हे काम सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि पंपाच्या मोटरची एक ठिणगी पुरते.

जेटचा ब्रँड बदलू नका. केइहिनचा आकडा व्यासाचा, तर मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा आकडा पेट्रोल किती वाहतं त्याचा. दोघांचा १७० एकसारखा नसतो. बिनब्रँडच्या सेटमधले जेटही जपून घ्या. त्यात १७२ आणि १७५ यांत फरकच नसतो, असंही होतं. कमी जेट घ्या, पण खरे घ्या: मेनचे मूळ आकड्यापासून एक खाली आणि चार वर, पायलटचे एक खाली आणि एक वर.

पायलट आणि एअर स्क्रू

इंजिन पूर्ण गरम करा, निदान १० मिनिटं हलकी फेरी मारून. एअर स्क्रू कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असतो. बाहेर फिरवला की हवा वाढते, गाडी लीन होते. फोर-स्ट्रोकवर हात बसलेले मेकॅनिक इथे चुकतात, कारण इंजिनकडच्या बाजूचा फ्युएल स्क्रू बाहेर फिरवला की गाडी रिच होते. नियम एकच: स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडे असेल तर तो हवेचा, इंजिनकडे असेल तर पेट्रोलचा. जुनी आरएक्स १०० डर्टसाठी तयार केली असेल तरी तिच्या मिकुनीला हाच नियम लागू.

स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. जोर लावला तर टोक बसकं होतं आणि पुढे कितीही फिरवलं तरी फरक पडत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. स्लो (मूठ सोडल्यावरचा आरपीएम) थोडा चढवा. आता पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. आरपीएम सगळ्यात वर जिथे जाईल तीच जागा. मग स्लो पुन्हा खाली घ्या.

जागा किती फेऱ्यांवर सापडली याला महत्त्व आहे. एकपेक्षा कमी फेऱ्यांवर सापडली तर पायलट लहान आहे, एक नंबर वर जा. अडीचपेक्षा जास्त लागले तर पायलट मोठा आहे, एक नंबर खाली. पायलटची पायरी दिसते त्यापेक्षा मोठी असते: ४२वरून ४५वर गेलं की क्षेत्रफळ जवळजवळ १५ टक्के वाढतं. म्हणून रोजच्या हवेचे चढउतार स्क्रूने सांभाळायचे, जेट ऋतूनुसार.

मग रस्त्यावरची नव्हे, मैदानावरची परीक्षा. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी उतरू द्या आणि पावापर्यंत झटकन उघडा. आधी क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम ओढ, असं झालं तर लीन. घुरघुरत, धूर सोडत, अनिच्छेने उठली तर रिच. रेस दिल्यावर मूठ सोडली आणि आरपीएम हळूहळू, विचार करत करत खाली आला तर पायलट लीन आहे, किंवा मघाचं क्रँक सील पुन्हा तपासा.

मेन जेट: वरून खाली यायचं

मेन नेहमी जाणूनबुजून मोठा घालून सुरुवात करायची. मूळ १७० असेल आणि ई२० भरत असाल तर १७८ घाला. रिच गाडी फडफडते, धूर काढते, प्लग काळा करते. लीन गाडी आधी जोरात पळते. इतकी छान पळते की चालवणारा खूश होतो, आणि मग चिकटते.

लांब, मोकळा, खासगी पट्टा हवा. पाम बीच रोड आणि घोडबंदर रोड ही जागा नव्हे. स्पर्धेच्या डर्ट बाइकला नोंदणी नसते, ती सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही, टेम्पोतून न्यायची. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि कर्नाळा अभयारण्य, तिथे गाडी उतरवण्याचा विचारही नको. सिडकोचा रिकामा प्लॉट दिसला म्हणून तो आपला होत नाही. मालकाची परवानगी असलेली जमीन किंवा प्रशिक्षणाचा ट्रॅक, एवढेच पर्याय.

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल. १७८वर फडफड येईल, आरपीएम वर चढायला नकार देईल. एक पायरी खाली, पुन्हा तेच. फडफड जिथे संपते आणि गाडी स्वच्छ सूर धरते, तिथून एक पायरी वर या आणि थांबा. आणखी खाली काय होतं हे बघायची हौस नको. शेवटचा दोन टक्के जोर ज्या जेटवर मिळतो त्याच्या खालच्या जेटवर पिस्टनचं दुकान असतं.

एक साधी खात्री: पूर्ण थ्रॉटलवरून मूठ किंचित, आठव्या हिश्शाएवढी मागे घ्या. गाडीने उलट ओढ घेतली तर मेन लीन आहे, लगेच वर जा. बरोबर असेल तर ती किंचित मंदावते.

मग प्लग. नवा प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलचा एक लांब पट्टा मारा, आणि थ्रॉटल उघडा असतानाच क्लच दाबून किल स्विच मारा. हळूहळू थांबवत आणली तर स्लोच्या मिश्रणाचा रंग बसतो आणि वाचन फुकट जातं. बाहेरून दिसणारा रंग बघून निष्कर्ष काढू नका, आजच्या पेट्रोलवर तो फसवतो. चिनी मातीच्या अगदी बुडाशी, आतल्या अंगाला, धुराचं वर्तुळ शोधायचं असतं. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं तपकिरी वर्तुळ असेल तर ठीक. काहीच नसेल तर लीन. नीट बघायचं तर प्लगचे आटे लेथवर कापून घ्यावे लागतात, वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या एखाद्या वर्कशॉपचं पाच मिनिटांचं काम. मातीवर चंदेरी ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे पिस्टन वितळायला लागला आहे. त्या क्षणी गाडी बंद.

नीडल शेवटी

नीडल शेवटी, कारण तिच्या वरच्या भागावर मेनची आणि खालच्या भागावर पायलटची सावली पडते. ते दोन्ही जागेवर बसले की उरतं ते तिचं स्वतःचं. चालवण्याचा बहुतेक वेळ मात्र याच इलाक्यात जातो, म्हणून कंटाळा करू नका.

क्लिपची खाच वरून मोजतात. क्लिप खालच्या खाचेत गेली की नीडल वर उठते आणि गाडी रिच होते. उलटं वाटतं, म्हणून काम करताना प्रत्येक वेळी मनात म्हणा: क्लिप खाली, पेट्रोल जास्त.

अर्ध्या थ्रॉटलला मूठ स्थिर धरून तिसऱ्या गिअरमध्ये चालवा. लयीत फडफड येत असेल तर रिच, क्लिप एक खाच वर. गाडी ओढते-सोडते असं करत असेल, किंवा ओझ्याखाली टणटण असा कोरडा धातूचा आवाज येत असेल तर लीन, क्लिप एक खाच खाली. अर्धा ठीक आणि पावाच्या आसपासच घुरघुर असेल तर दोष क्लिपचा नाही, नीडलच्या जाडीचा आहे. जाड नीडल तिथे लीन करते. आणि आधी चांगली असलेली गाडी हळूहळू त्याच जागी रिच होत गेली असेल तर नीडल आणि तिचं नोझल झिजलं आहे. जेट बदलून ते लपतं, बरं होत नाही.

क्लिप काढताना खाली कापड अंथरा, ती उडतेच. स्लाइड परत घालताना कापलेली बाजू फिल्टरकडे. झाकण लावल्यावर गाडी सुरू करण्याआधी हँडल दोन्ही टोकांना फिरवून मूठ टक आवाज करत बंद होते का ते ऐका. स्लाइड अडकून पूर्ण उघडी राहिलेली टू-स्ट्रोक किक मारताच अंगावर येते.

घाट चढताना, पाऊस लागताना

पुणे, नाशिक, लोणावळा ही ठिकाणं साडेपाचशे-सहाशे मीटरवर आहेत. तिथे हवा ठाण्यापेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते. म्हणजे मेन एक पायरी खाली आणि एअर स्क्रू पाव-अर्धा फेरा बाहेर, बस. नीडलला हात लावू नका. पण तिकडे डिसेंबरात पहाटे गारठा असतो आणि गारठा उलट दिशेने ओढतो. दोन्ही मिळून बरेचदा शून्य होतं, ठाण्याचंच जेटिंग चालून जातं. खरी चूक होते परत येताना. वर उतरवलेला मेन तसाच ठेवून खाली समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटल मारला की गाडी लीन. टेम्पोत चढवण्याआधीच जेट परत बदला.

पावसाळ्यात शत्रू पाणी. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल-पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. बाउलच्या तळाशी, म्हणजे नेमकं मेन जेटपाशी. ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. इंजिनाला बिनऑइलचं पाणी मिळतं. चार महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि बाउलचं बूच उघडून शेवटचा थेंबही काढा, नाहीतर पितळेवर हिरवी पूड जमते आणि पायलट जेट बंद होतो. ऑइल घेताना ते इथेनॉल असलेल्या पेट्रोलला चालतं का ते डब्यावर वाचा. 

पंप बदलला आणि गाडीचा सूर बदलला तर पेट्रोल तपासता येतं. १०० मिलीच्या काचेच्या मापात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. २५ ते २८ मिलीपर्यंत चढला तर ई२०. ऑइल मिसळण्याआधी करा. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं आणि तेच नेहमी भरणार असाल तर मेन दोन पायऱ्या खाली आणून पुन्हा सगळं वरून सुरू करायचं. एका टाकीत हे, दुसऱ्या टाकीत ते असं करणार असाल तर ई२०चंच जेटिंग ठेवा आणि थोडी फडफड सोसा.

प्रत्येक बदलाची नोंद ठेवा: तारीख, वेळ, तापमान, दमटपणा, पेट्रोल, ऑइलचं प्रमाण, पायलट, स्क्रूचे फेरे, क्लिप, मेन, आणि कुठल्या खुणेवर काय ऐकू आलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे गेले की वहीत त्याच गाडीचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि मग जानेवारीत पहाटे गाडी टेम्पोत चढवताना बॉक्समधून कुठला जेट काढायचा हे आधीच माहीत असतं.